भाऊजी, तो पळसच होता

भाऊजी, तुम्ही सुटलात. इतके दिवस हे वाक्य मनातल्या मनात म्हणत होते, आज लिहून टाकते. लोक भेटायला येतात, माझ्याकडे बघून चेहरे पाडतात, आणि मी मान खाली घालून बसते, कारण वर बघितलं तर माझ्या चेहऱ्यावर दुःखाच्या जोडीला जे दिसेल ते त्यांना बरं वाटणार नाही. गेल्या थंडीपासून तुमचा श्वास भिंतीपलीकडून ऐकू यायचा. घरघर वाढली की आम्ही दोघं जेवता जेवता थांबायचो. डॉक्टरांनी नळ्या, ऑक्सिजन, हॉस्पिटल असं पुढचं बरंच काही सांगून ठेवलं होतं. तुम्ही त्यातल्या एकाही गोष्टीला दाद दिली नाहीत. दुपारी वालाचं बिरडं आणि भात जेवलात, 'वहिनी, आज मीठ चक्क बेताचं पडलंय' असा टोमणा मारलात आणि आरामखुर्चीत जाऊन पडलात. चार वाजता मी चहा घेऊन आले, तेव्हा तुम्ही नव्हता. रडले, हमसून हमसून रडले. पण रडता रडता हेही वाटलं की आता या माणसाला श्वासासाठी भांडावं लागणार नाही.

ही झाली तुमची सुटका. दुसरी माझी आहे. ती तेराव्याच्या आदल्या दिवशी झाली, आणि तीच तुम्हाला सांगायची म्हणून तुमच्याच टेबलाशी बसले आहे.

लग्न होऊन तुमच्या घरी आले तेव्हा तुम्ही हाफ पँटीत होता. दिराला अहोजाहो करायचं, भाऊजी म्हणायचं, असं आईनं बजावून पाठवलं होतं. त्यामुळे शाळेचं दप्तर पाठीला लावलेल्या मुलाला मी 'भाऊजी, दूध घेता ना?' असं विचारायचे आणि तुम्ही साहेबासारखे 'आणा' म्हणायचात. ते अहोजाहो शेवटपर्यंत टिकलं. भांडणसुद्धा आपण अहोजाहो करूनच केलं. पुढे मीरा रोडला मंजुबेन शेजारून ऐकायच्या आणि म्हणायच्या, "तुम लोग झगडा कर रहा है कि मेहमान को खाना परोस रहा है?"

गिरगाव सोडून आपण मीरा रोडला आलो तेव्हा तुम्ही सरकारी प्रयोगशाळेतली नोकरीही सोडलीत. हे तुमच्यावर आठवडाभर चिडले होते. तुम्ही पूनम सागरमध्ये आमच्या शेजारचाच तळमजल्याचा ब्लॉक घेतलात, संसार थाटायच्या जागी एक कॉम्प्युटर आणि एक स्कॅनर थाटलात आणि म्हणालात, मी वणवे मोजणार आहे. लग्न न केलेल्या माणसाचं डोकं असं चालतं, असं मी तेव्हा बोललेही होते. एका सरकारी खात्याचं काम होतं ते. डोंगरांचे फोटो यायचे, काही विमानातून काढलेले, काही समोरच्या टेकडीवरून. प्रत्येक फोटोत वणवा कुठून कुठपर्यंत आहे त्याची रेघ आखून द्यायची. पूर्वी असली कामं माझ्यासारखे ट्रेसर हातानं करायचे. मी लग्नाआधी गिरगावात मामाकडे राहून ट्रेसिंग शिकले होते, हे तुमच्या लक्षात होतं. म्हणालात, "वहिनी, रेघ मशीन काढेल. तुम्ही फक्त ती चुकली कुठे ते बघा." मी म्हटलं, चुका काढायच्या असतील तर मला पगारसुद्धा नको.

तुमचा प्रोग्राम कसा चालतो ते मला समजवायला तुम्हाला एक दुपार लागली. फोटो पडद्यावर आणायचा, आगीच्या मधोमध माऊसनं एक ठिपका द्यायचा. तुम्ही त्याला बी म्हणायचात. मग प्रोग्राम शेजारच्या ठिपक्यांकडे बघायचा. रंगानं जुळला की आत घ्यायचा, नाही जुळला की तिथे थांबायचा. असं पसरत पसरत कडेला पोचला की भोवती लाल रेघ उमटायची. तेवढ्यात मी घरी जाऊन कुकर लावून यायचे. "आमच्याकडे आधी भाजतात आणि मग पेरतात," मी म्हणाले होते, "तुम्ही तर पेटत्या आगीतच पेरताय." तुम्हाला कळलं नाही. मग मी तुम्हाला राब म्हणजे काय ते सांगितलं. आमच्या रायगडात भाताचं बी टाकायच्या आधी जमिनीच्या तुकड्यावर शेण, पाला, फांद्या पसरून उन्हाळ्यात पेटवून देतात आणि पावसाच्या तोंडावर त्या राखेत बी फेकतात. तुम्ही ते इतकं मन लावून ऐकलंत की मला जरा शरमल्यासारखं झालं.

आपला वाद त्याच दिवशी सुरू झाला. माझं म्हणणं, हाताला कळतं कुठे थांबायचं. तुमचं म्हणणं, हाताला काय कळलं ते दुसऱ्या कुणाला तपासता येत नाही. रोज चार वाजता चहा आणि हा वाद. तुमच्या कपात साखर अर्धा चमचा आणि माझ्या बोलण्यात तीही नाही.

त्या वर्षीची होळी आठवते? सोसायटीच्या मैदानातली होळी तुम्ही तीन बाजूंनी फोटो काढून टिपलीत आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या बिल्डिंगला कौतुकानं बोलावलंत. बी पेरलंत. रेघ ज्वाळांभोवती गेली, लाकडांभोवती गेली आणि सरळ मंजुबेनना पोटात घेऊन मोकळी झाली, कारण त्या केशरी बांधणी नेसून पुढे उभ्या होत्या. "अरे भाई," त्या किंचाळल्या, "मेरे को तो जीते जी जला दिया!" लोक हसून हसून लोळायचे बाकी राहिले. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही मंजुबेनना विचारलंत, होळी पेटायच्या आधी तुम्ही इथेच उभ्या होता का? तसा एक फोटो होता. त्याच्यावरही प्रोग्राम चालवलात, आणि आग नसताना मंजुबेन पुन्हा पेटल्या. तेव्हापासून तुमचा नियमच झाला. आगीच्या फोटोला त्याच जागेचा, आगीच्या आधीचा फोटो हवा. तुम्ही त्याला रिकामा फोटो म्हणायचात. दोन्हींत जे दिसतं ते आग नाही, फक्त आगीच्या फोटोत दिसतं ती आग. रिकामा फोटो असल्याशिवाय रेघ या दारातून बाहेर जाणार नाही, असं तुम्ही भिंतीवर लिहून लावलं नव्हतं एवढंच.

आणि मग वसंताचं ते प्रकरण आलं.

वसंता माझा धाकटा भाऊ, गावची शेती तो बघतो. पुढच्या फाल्गुनात त्यानं सकाळी राब भाजला, पाणी मारलं आणि घरी गेला. दुपारी डोंगरमाथ्यापासून त्याच्या बांधापर्यंत सगळा उतार पेटला. शेजारच्याचा गोठा गेला, पेंढ्याची उडवी गेली, बैलाची जोडी होरपळून मेली. गाव म्हणालं, वसंतानं राब धड विझवला नाही, आग खालून वर चढली. वसंता म्हणाला, आग वरून खाली आली. जमीन तर वरपासून खालपर्यंत काळीच होती, ती काय सांगणार? गावानं ठरवलं, वसंताची चूक निघाली तर त्याच्याशी सावड बंद. आमच्याकडे लावणीला मजूर मिळत नाही, आज आम्ही तुझ्या शेतात, उद्या तू आमच्या शेतात, अशी सावड असते. ती तुटली की भात लावायचा कुणाच्या हातांनी? शेत ओसाड टाकून भाईंदरला येऊन वॉचमनगिरी करायची, एवढंच त्याच्यापुढे उरलं होतं. तसं तो फोनवर बोललाही. "ताई, तुमच्या बिल्डिंगला वाचमन लागतो का?"

त्या दिवशी समोरच्या वाडीत लग्न होतं. तिथल्या फोटोग्राफरनं आग लागल्या लागल्या एक फोटो काढला होता. त्यात माथ्यावर आग दिसत होती, खाली वसंताचा राब धुमसत होता आणि दोहोंच्या मध्ये उतारावरून एक तांबडा-केशरी पट्टा खाली आला होता. निम्मं गाव म्हणे ती आग, निम्मं गाव म्हणे तो पळस. फाल्गुनात आमच्या उतारावर पळसाची रांग फुलते, हे सगळ्यांना ठाऊक. पण फोटो पुसट आणि धूर अध्येमध्ये. शेवटी सगळ्यांच्या मते ठरलं, ताईच्या दिराकडे आगीची मशीन आहे, ती सांगेल ते खरं.

फोटो आपल्या हातात आला तेव्हा मी काय खूश होते! देवानंच घरातलं माणूस पुढे केलं, असं वाटलं. तुम्ही माथ्यावरच्या आगीत बी टाकलंत. मी शेजारी उभी होते, कुकर लावायला गेले नाही. रेघ माथ्यावर फिरली, उतारावर वळली, पट्ट्यातून खाली खाली आली आणि वसंताच्या राबाला जाऊन चिकटली. एकच आग, एकच रेघ.

"तो पळस आहे, भाऊजी," मी म्हणाले. "मी त्या झाडांखाली वाढलेय. तेवढा पट्टा खोडा."

"रिकामा फोटो आहे?"

"माझे डोळे आहेत."

"वहिनी, तुम्ही बहीण आहात. तुमचा हात या फोटोला लागायचा नाही."

"आणि तुमचा?"

"मी तुमचा दीर आहे. माझाही नाही."

त्यावर मी जे बोलले ते आता इथे पुन्हा लिहीत नाही, तुम्ही ते विसरला नसणार. मुद्दा एवढाच होता की माझ्या भावाचं पोट आणि तुमची रेघ यांत तुम्हाला रेघ प्यारी. चार वाजताचा चहा बंद झाला. तुमचं ताट मी ह्यांच्या हाती पाठवायचे. तुम्ही दोन-तीन दिवस बाहेरगावी काम आहे सांगून गेलात, परत आलात ते खोकतच. आठवड्यानं दार वाजवलंत. हातात दुसरा फोटो होता. त्याच दिवशी भल्या सकाळचा, राब पेटायच्याही आधीचा, त्याच अंगणातून काढलेला. पुढे वाजंत्रीवाले उभे, मागे आमचा उतार, कुठे धूर नाही, आग नाही. "फोटोग्राफरनं पाठवला," म्हणालात. बी टाकलंत, आणि तोच पट्टा, तसाच वाकडा, लाल रेघेत उभा राहिला. तो काढून टाकल्यावर आग माथ्यावरच राहिली, राबापासून लांब. ह्यांनी दोन्ही कागद गावी नेले. देवळासमोर सगळ्यांनी पाहिले. ज्याचा गोठा गेला तो म्हातारा दोन्ही कागद उन्हात धरून बराच वेळ बघत राहिला आणि मग स्वतःच म्हणाला, "पळसच हाय." माथ्यावर आग कुणी लावली ते कधीच कळलं नाही. पण त्या पावसाळ्यात वसंताच्या शेतात लावणीला अख्खं गाव उतरलं, आणि त्या म्हाताऱ्याचा गोठा शाकारायला वसंता सगळ्यांच्या आधी वर चढला.

चहा पुन्हा सुरू झाला. मी तुमचे आभार मानले, तुम्ही 'मशीनचे माना' म्हणालात. सगळं छान झालं. पण भाऊजी, एक काटा माझ्या मनात राहिला, तो मी कधी तुम्हाला दाखवला नाही. तो दुसरा फोटो आलाच नसता तर? तुम्ही ती पहिली रेघ, तशीच्या तशी, गावाच्या हातात दिली असतीत का? चहा ओतताना कितीदा हे ओठांवर आलं. तुम्ही 'हो' म्हणाला असतात तर पुढे रोज तुम्हाला जेवायला कसं वाढलं असतं, या भीतीनं विचारलं नाही. आणि तुम्ही गेलात, तेव्हा सगळ्यात आधी हेच मनात आलं की आता उत्तर गेलं.

वसंता दहाव्याला आला आणि राहिला. तेराव्याला भिंतीवर लावायला तुमचा फोटो हवा, म्हणून आम्ही कपाटं उपसली. डोंगरांचे हजारो फोटो, तुमचा एक नाही. जन्मभर कॅमेऱ्याच्या मागे उभा राहिलेला माणूस! हे वैतागून म्हणाले, आता काय रेशनकार्डावरचा लावू? तेव्हा वसंतानं पिशवीतून वहीच्या पुठ्ठ्यात जपून ठेवलेला एक फोटो काढला. तुम्ही होता त्यात. धोतरवाल्या म्हाताऱ्यासारखे कमरेवर हात ठेवून, दमलेले, घामेजलेले, पण हसताय. मागे एक पळस, बुंधा काळा पडलेला. आमचा पळस. बांधावरचा.

"हा कधीचा?" मी विचारलं.

"तू त्यांच्याशी बोलत नव्हतीस तवाचा," वसंता म्हणाला. "ते आलते ना गावाला."

वसंता सांगत गेला. तुम्ही एसटीतून उतरून सरळ त्याच्या ओट्यावर गेलात. पाणीसुद्धा आधी घेतलं नाहीत. कागद पुढे ठेवून म्हणालात, वसंतराव, मशीनची रेघ तुमच्या राबाला येऊन मिळते, आधी तुम्ही बघा. वसंता म्हणाला, साहेब, तो पळस हाय. तुम्ही म्हणालात, माझा तुमच्यावर विश्वास आहे, वहिनींवर तर आहेच, पण माझ्या विश्वासावर गावानं का म्हणून विश्वास ठेवावा? मग दोघं समोरच्या वाडीवर चढून गेलात, या छातीनं, भाऊजी! वाटेत बसत बसत. लग्नघरात विचारलंत, सकाळी आणखी फोटो निघाले होते का. तिथून तालुक्याला, फोटोग्राफरच्या दुकानात. निगेटिव्हच्या पट्ट्या बल्बसमोर धरून तुम्ही दोघांनी शोधलंत तेव्हा ते वाजंत्रीवाले सापडले. परत फिरताना तुम्ही वसंताच्या हातात कॅमेरा दिलात आणि म्हणालात, या झाडाबरोबर माझा एक काढा, यानं मला चांगलंच पळवलंय.

"मी त्यांना इचारला," वसंता म्हणाला, "दुसरा फोटो नसता गावला तर?"

मी वातीसाठी घेतलेला कापसाचा पेळू बाजूला ठेवला.

"म्हनले, तर रेघ पुसनार न्हाय आन् दाखवनारबी न्हाय. सभेत उभा ऱ्हाऊन सांगेन का माझ्या मशीनला पळस कळत न्हाय. मशीन नापास झाली."

वसंताला त्यातलं पुढचं ठाऊक नव्हतं, मला आहे. त्याच महिन्यात ते खातं तुमचा प्रोग्राम कायमचा घ्यायचा की नाही ते ठरवत होतं. मशीन नापास असं तुम्ही चारचौघांत सांगितलं असतंत, तर या खोलीला कुलूप लागलं असतं. आणि तुम्ही ते सांगितलं असतंत. मी तुम्हाला हाफ पँटीपासून ओळखते.

"मला का नाही सांगितलंस रे इतकी वर्षं?" मी वसंतावर खेकसले.

"त्यांनी शपथ घातली. म्हनले, वहिनींना कळला का वाद मिटंल. मग चार वाजता चहा घेऊन कोन येनार?"

मला हसू आलं, भाऊजी. सुतकाच्या घरात, तुमच्या दिव्यासमोर, मी मोठ्यानं हसले. हे घाबरून बाहेर आले. चार वर्षं जो काटा सांभाळला तो असा निघाला, आणि निघताना दुखलासुद्धा नाही. मला वाटत होतं की मी तुम्हाला सांभाळून घेतेय, विचारत नाही, जपते आहे. इकडे तुम्हीच तो वाद जपत होता.

फोटो घेऊन मी स्वतः स्टेशनजवळच्या स्टुडिओत गेले. त्या पोरानं फोटो काचेवर ठेवला, पेन्सिल कानामागून काढली आणि तुमच्या डोक्याभोवती हवेतच फिरवली. "आंटी, टेन्शन नहीं. अंकल को ऐसा बाहर से कट करेगा, पेड-बीड सब निकाल देगा, पीछे प्लेन ब्लू. सब लोग ऐसाच करवाते हैं."

मी त्याचा हात धरला.

"कट नहीं करने का, बेटा," मी म्हटलं. "लाईन मत मारना. झाड भी रखना, पूरा."

तो म्हणाला, पण मग अंकल बारीक दिसतील आणि झाडच मोठं दिसेल. मी म्हटलं, दिसू दे.